दुरुस्ती : शून्य टक्के

बुधवार, १२ मार्च १९९७

रुलॉन गेला. एकदाचा!

सकाळी सातला त्याच्या बायकोचा, आर्डिथचा फोन. माझ्या बायकोने, नेड्राने, उचलला आणि ऐकता ऐकताच खुर्चीत बसली. झोपेतच गेला म्हणे. झोपेत! सगळं आयतं मिळालं या माणसाला, मरणसुद्धा.

मी लापशी खात होतो. नेड्रा माझ्याकडे बघत राहिली. "तुझा चाळीस वर्षांचा मित्र गेलाय, ऑर्विन." म्हटलं, ऐकलं मी. "मग चमचा तरी खाली ठेव." ठेवला. लापशी संपलीच होती.

पहिला विचार काय आला ते इथे लिहायला हरकत नाही. ही वही माझ्याशिवाय कुणी उघडत नाही. पहिला विचार आला तो असा — आता म्हातारीचं काय होणार?

शनिवार, १५ मार्च

दफन. शिनूक वारा असा सुटला होता की बिशपची टोपी दोन कबरी ओलांडून गेली. कुणी हसलं नाही. मला फार हसावंसं वाटलं.

बिशप अर्धा तास बोलला. त्यातली दहा मिनिटं म्हातारीवर! प्रार्थनागृहात एका अमोनाइटवर, दगड झालेल्या शंखावर, प्रवचन मी प्रथमच ऐकलं. "ब्रदर रुलॉनने अठरा वर्षं प्रदर्शनाच्या कार्डावर एकच आकडा लिहिला. दुरुस्ती — शून्य टक्के. देवासमोरही तो तेच कार्ड हातात घेऊन उभा राहील." बायका नाकाला रुमाल लावून बसल्या होत्या. आर्डिथ ताठ. रडली नाही. तिची मान अशी होती जणू पहिल्या नंबरची तांबडी फीत तिलाच मिळाली आहे.

नंतर हॉलमध्ये चीज घातलेले बटाटे आणि गाजर किसून टाकलेली हिरवी जेली. आमच्याकडे माणूस कुणीही मरो, जेली हिरवीच. मिट्स ताकेदासुद्धा आला होता. आमच्या दगड-मंडळाचा अध्यक्ष. तो आमच्या चर्चचा नाही, बौद्ध आहे, पण बटाट्यांना नाही म्हणत नाही. ताट घेऊन शेजारी बसला. म्हणाला, "आता तुला चान्स आहे, ऑर्विन."

गंमत केली त्याने. मला अजून ती गंमत गिळता आलेली नाही.

रविवार, १६ मार्च

कपाट उघडून निळ्या फिती मोजल्या. अठरा. दुसरा नंबर, दुसरा नंबर, दुसरा नंबर.

बुधवार, २ एप्रिल

झोप लागत नाही म्हणून नव्हे, राग येतो म्हणून लिहितो.

१९७८चा मे महिना. सेंट मेरी नदीच्या काठाला दरड कोसळली होती. मी आणि रुलॉन दोघेच. मी लांबूनच पाहिलं, चिखलात एक दगडी गोळा अर्धा बाहेर आलाय, ट्रकच्या चाकाएवढा. असल्याच गोळ्यांच्या पोटात शंख असतात. "तो बघ," म्हणालो. मी म्हणालो! मग मी दोर आणायला ट्रककडे गेलो. परत आलो तर रुलॉन त्या गोळ्यावर हात ठेवून उभा. आमच्याकडे रीत अशी — ज्याचा हात आधी लागेल त्याचा शंख. डोळ्यांना कुणी विचारत नाही.

"डोळे तुझे चांगले आहेत ऑर्विन, पण पाय हळू," असं हसत म्हणाला. मीच दोर बांधला. मीच ओढला.

मग तीन महिने शेडला कुलूप लावून बसला. कुणाला आत येऊ दिलं नाही. हवेच्या दाबावर चालणाऱ्या छिन्नीचा आवाज दिवसभर. ऑगस्टमध्ये दार उघडलं तेव्हा म्हातारी तयार. दोन फूट व्यास. काठाला तांबडा, पुढे हिरवा, आणि मधोमध निळा नि जांभळा. निळा तर शंभरात एखाद्याला मिळतो. वेटोळं पूर्ण, एक तडा नाही. सत्तर लाख नव्हे, सात कोटी वर्षांची म्हणून तिचं नाव म्हातारी. मी पाहिली आणि नजर खाली घातली. इतकी सुंदर होती.

आमच्या हातात जे शंख येतात ते फुटकेच येतात. कुणाचा तुकडा गळालेला, कुणाचा रंग सोलून गेलेला. मग दुसऱ्या शंखाचे तुकडे गोंदाने चिकटवायचे, घासायचे, आणि कार्डावर प्रामाणिकपणे लिहायचं — दुरुस्ती वीस टक्के, तीस टक्के. त्यात लाज नाही. लाज खोटा आकडा लिहिण्यात. माझ्या सगळ्यांत चांगल्या शंखाचा आकडा बारा आहे. बारा लिहिताना दर वर्षी पेन जड होतं. आणि शेजारच्या टेबलावर त्याचं ते वाटोळं, टपोरं शून्य!

एकदा मी सभेत म्हटलं, तोच तो शंख दर वर्षी मांडू नये असा नियम करा. मिट्स म्हणाला, "तू तिच्यापेक्षा चांगली आण. नियम आपोआप होईल." सगळे खदखदून हसले. रुलॉन सर्वांत मोठ्याने.

शुक्रवार, ११ एप्रिल

आर्डिथकडे गेलो. नेड्राने केलेला दालचिनीचा रोल नेला. म्हातारी बैठकीत खिडकीपाशी, नेहमीच्या जागी, काचेच्या पेटीत. ऊन पडलं होतं. आर्डिथ तिच्याकडे पाठ करून बसली होती, चाळीस वर्षांच्या नवऱ्याकडे बायका बसतात तशी.

मी विषय काढला. अगदी हळुवार. म्हटलं, तुला एकटीला तिची देखभाल व्हायची नाही, दमट हवेने रंग सुटतो. मी सांभाळीन.

"नाही रे," ती म्हणाली. "रुलॉनची इच्छा होती, ती लायब्ररीत ठेवायची. दारातून आत शिरलं की समोर. पितळी पाटीवर त्याचं नाव आणि खाली ते शून्य. तू दुसरं काहीही ने ऑर्विन. शेडमधलं सगळं ने. तो तुला भावासारखा मानायचा."

लायब्ररीत! मी दर मंगळवारी लायब्ररीत जातो. म्हणजे मरेपर्यंत दर मंगळवारी रुलॉन दारात उभा राहून माझ्याकडे बघून हसणार. मी मेल्यावरही हसणार, आणि माझं नाव कुठेही नसणार.

तिच्या हातचं लिंबू-सरबत प्यायलो. गोड होतं. गोड बोललो.

सोमवार, १४ एप्रिल

मार्ग सापडला.

शनिवार, ३ मे

झालं!  

नीट लिहितो. मंडळाचा जांभळा दिवा माझ्याकडे असतो. तीन वर्षांपूर्वी घेतला, कार्डावरचे आकडे तपासायला. अंधारात त्याच्या उजेडात खरा शंख काळा राहतो आणि गोंद भुतासारखा चमकतो. सगळ्यांचे शंख तपासले, माझेही. रुलॉनची पाळी आली तेव्हा मिट्स म्हणाला, "छे, रुलॉनचं काय तपासायचं!" आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

दिव्याखाली चमकणारी आणखी एक वस्तू मला ठाऊक आहे. कपडे धुवायची पावडर. पांढरे कपडे शुभ्र दिसावेत म्हणून तिच्यात काहीतरी घालतात. एका बाटलीत पावडर पाण्यात कालवून नेली, सोबत नेड्राच्या रंगकामातला बारीक ब्रश.

आर्डिथला म्हटलं, लायब्ररीवाले घेण्याआधी स्थितीचा कागद मागतील. तपासून लिहून देतो. ती किती खूश झाली! "तूच कर. दुसरा कुणी हात लावायला नको." म्हातारी आम्ही दोघांनी मिळून तळघरात नेली. मग ती सँडविच करायला वर गेली. दहा मिनिटं. माझ्या हयातीतली सर्वांत चांगली दहा मिनिटं. म्हातारी पालथी घालून ब्रशने बारीक रेघा ओढल्या, खालच्या बाजूला, जाळीसारख्या, अगदी जोड असावेत तशा. चार ठिकाणी थोडं फासलं. ती पालथीच ठेवून पंख्याने वाळवलं. पावडरीचा डाग उजेडात दिसतसुद्धा नाही.

हाक मारली. ती ताट घेऊनच खाली आली. मी बल्ब मालवला आणि दिवा लावला.

ताट नाही पडलं तिच्या हातातून. मला वाटलं होतं पडेल. तिने ते हळूच पायरीवर ठेवलं.

"हे काय आहे?"

"आर्डिथ, बस आधी."

"हे काय आहे, ऑर्विन?"

मी गप्प राहिलो. गप्प राहणं हे खोटं बोलण्यापेक्षा शंभरपट चांगलं चालतं, हे मी बिशपकडूनच शिकलो. तिला दिव्याचं सगळं ठाऊक आहे. अठरा वर्षं ती प्रदर्शनात सरबताच्या टेबलावर बसलीय. जांभळा दिवा आणला तेव्हा तीच टाळ्या वाजवत होती.

"किती टक्के?" तिने विचारलं.

"चाळीस," मी म्हणालो. "असेल चाळीस."

"त्याने शून्य लिहिलं होतं."

"हो."

"दर वर्षी शून्य लिहिलं होतं. माझ्यासमोर बसून लिहायचा. पेनात शाई भरून." एवढं बोलून तिने म्हातारीला बोट लावायला घेतलं आणि लावलं नाही.

मी सँडविच खाल्लं. ट्यूना होता. वाया कशाला घालवायचं!

मंगळवार, ६ मे

आर्डिथचा फोन. "कुणाला सांगणार नाहीस ना?" म्हटलं, वेडी आहेस का? माझाही मित्र होता तो. ती रडली. फोनवर तिचं रडणं ऐकत मी खिडकीतून आमचा बर्फाखालून निघालेला ऱ्हुबार्बचा कोंब बघत होतो. या वर्षी लवकर आलाय.

गुरुवार, ८ मे

सुंठीवाचून खोकला गेला! मागायलासुद्धा लागलं नाही. आर्डिथ स्वतः गाडी घेऊन आली. मागच्या सीटवर म्हातारी, रुलॉनच्या मासेमारीच्या घोंगडीत गुंडाळलेली.

"घेऊन जा. मला ती घरात नको. फोडून टाक, पुरून टाक, काय वाटेल ते कर. लायब्ररीला मी सांगितलंय की नाही देणार."

आत नेली. नेड्रा स्वयंपाकघराच्या दारात उभी. "आर्डिथने ही तुला दिली? फुकट? का?" म्हटलं, तिला सांभाळणं होत नाही. नेड्राने माझ्याकडे असं पाहिलं जसं दूध नासलंय का ते बघतात.

दार लावून दुपारभर म्हातारीपुढे बसलो. काय रंग! डोकं थोडं हलवलं की हिरव्याचं तांबडं होतं. एकोणीस वर्षं काचेतून पाहिली. आज हात ठेवला. आधी कुणाचा हात लागला त्याला आता कोण विचारतो?

रविवार, १ जून

हे असं होईल असं मला वाटलं नव्हतं. खरंच नव्हतं वाटलं.

महिन्याचा पहिला रविवार, उपासाचा. ज्याला वाटेल त्याने उठून मनातलं बोलायचं. नेहमीचेच लोक उठतात, कुणाची शस्त्रक्रिया, कुणाचा नातू. आज आर्डिथ उठली. काळा कोट. हातात कागद नव्हता.

म्हणाली, "ब्रदर्स, सिस्टर्स, माझ्या नवऱ्याने तुम्हा सगळ्यांना फसवलं." सगळं सांगितलं. गोंद. चाळीस टक्के. अठरा वेळा शून्य. "बिशप त्याच्या दफनाच्या दिवशी जे बोलले ते खरं नव्हतं. ते खोटं माझ्या घरातून आलं होतं, म्हणून मीच ते परत घ्यायला उभी आहे. ज्यांच्या फिती त्याने घेतल्या त्यांची मी त्याच्या वतीने क्षमा मागते. सगळ्यांत आधी ब्रदर ऑर्विनची. ब्रदर ऑर्विनला हे कळलं तेव्हा त्याने कुणाला सांगितलं नाही. त्याने रुलॉनची अब्रू झाकली. एवढं मोठं मन मी पाहिलं नाही."

मग बसली.

एक तान्हं मूल तेवढं रडत होतं. मग बिशप उठला, त्याचा चेहरा पांढरा. "आमेन" म्हणाला, दुसरं काय म्हणणार! बाहेर पडताना लोकांनी माझे हात हातात घेतले. किती जणांनी! एकीने गालाचा मुका घेतला. नेड्रा शेजारी चालत होती. गाडीत बसल्यावर म्हणाली, "ही बाई प्रामाणिक आहे. तिला जपून हात लावायला हवा होता."

कुणी, असं विचारायचं मला धैर्य झालं नाही.

बुधवार, ४ जून

गाव किती भुकेलं असतं! को-ऑपच्या दुकानात तीन जण हसत होते. "रुलॉनच्या झाडाची सफरचंदं तरी खरी होती का, की तीही चिकटवलेली?" "दात तरी त्याचे होते का?" मीही हसलो. मग बाहेर येऊन ट्रकमध्ये बराच वेळ बसलो.

एकूण मजा आली असं लिहायला बसलो होतो. लिहिता येत नाही.

शनिवार, २१ जून

प्रदर्शन. बर्फावर कर्लिंग खेळतात त्या हॉलमध्ये, जमिनीवरचा बर्फ काढून. रुलॉनच्या टेबलाची जागा मिट्सने रिकामीच ठेवली. दुसरं टेबल सरकवून भरून काढता आली असती, पण नाही. लोक त्या रिकाम्या जागेला वळसा घालून जात होते.

मला तांबडी फीत मिळाली. माझ्या बारा टक्क्यांना. टाळ्या पडल्या.

संध्याकाळी मिट्स घरी आला, हातात बुटांचं खोकं. "आर्डिथने परत केल्या. समितीने ठरवलंय, त्या तुझ्या." आत अठरा तांबड्या फिती. इस्त्री केलेल्या! त्या बाईने एकेका फितीला इस्त्री करून परत दिल्या. मिट्स दारातच उभा राहिला. "तुला खरं सांगू? रुलॉन असं करील असं मला कधी वाटलं नसतं. तू करशील असं एखाद वेळ वाटलं असतं. म्हणजे वाईट वाटून घेऊ नकोस."

नेड्रा म्हणाली, "आता लाव भिंतीवर. लाव ना! हवं होतं ते सगळं मिळालंय तुला. आता हसून दाखव."

शनिवार, २८ जून

गवत कापायला स्मशानात गेलो. आमच्या गटाची पाळी होती. रुलॉनचा दगड बसवलाय. दोघांचा एकच, डावीकडे तो, उजवीकडे आर्डिथ, तिची शेवटची तारीख अजून कोरी. दोघांच्या मध्ये शंख कोरून घेतला होता, मागच्या वर्षीच सांगून ठेवला होता रुलॉनने. आता तिथे बशीएवढा खळगा. तिने कारागिराला बोलावून घासून टाकायला लावला. खळग्यात पावसाचं पाणी साचलं होतं आणि त्यात माशी मेली होती.

मी यंत्र बंद केलं. मला त्याचा राग आणायचा होता. १९७८ आठवलं, तो दोर आठवला, ते हसणं आठवलं. राग आला नाही. माणूस मेलाय, आणि मी त्याला परत परत मारतोय, आणि दर खेपेला त्याच्या बायकोच्या हाताने.

गुरुवार, ३ जुलै

आर्डिथकडे गेलो. घरभर खोकी. आयडाहोला मुलीकडे जाणार, कायमची. ती वर्तमानपत्रात कप गुंडाळत होती. वाळली आहे. गळ्याची कातडी लोंबते.

"एक विचारू, ऑर्विन? तुझं मन मोठं आहे म्हणून विचारते. मंदिरातली गाठ सोडवून मिळते का?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आमची लग्नं मरणापुरती नसतात. कार्डस्टनला आमच्या चर्चचं मंदिर आहे, तिथे गाठ बांधली की ती पुढेही, कायमची. आम्ही लहानपणापासून हेच ऐकत आलो. नवरा गेला तरी बायका फार रडत नाहीत, कारण भेट ठरलेली आहे.

"बिशपकडून अर्ज आणलाय," ती म्हणाली. टेबलावर होता, मिठाच्या बरणीखाली. "चाळीस वर्षं मी कुणाशेजारी झोपले? मला माहीत नाही. पुढे अनंतकाळ त्याच्याबरोबर काढायचा आणि रोज विचार करायचा, आज खरं बोलतोय की नाही? माझ्याने नाही व्हायचं. सोमवारी सही करून पाठवते."

"आणि मग तू? पुढे?"

"एकटी राहीन. चालेल."

फितीसाठी केलं होतं मी हे! एका पितळी पाटीसाठी! या बाईचा नवरा स्वर्गातूनसुद्धा काढून घ्यायचा माझा विचार नव्हता. मी इतका वाईट नाही. आहे, पण इतका नाही.

म्हणालो, "रविवारपर्यंत सही करू नकोस. वचन दे."

"का?"

"रविवारी उपास आहे. तू चर्चला ये, एवढंच. पुढच्या बाकावर बस."

ती पुन्हा कप गुंडाळायला लागली. "बरं. येते."

शुक्रवार, ४ जुलै

नेड्राला सांगितलं. सगळं. पावडर, ब्रश, सँडविच. ती उभी होती ती खाली बसली, रुलॉन गेल्याच्या सकाळी बसली होती तशीच. ओरडली नाही. "मला वाटलंच होतं काहीतरी. पण एवढं?" मग म्हणाली, "लोक तुझ्या तोंडावर थुंकतील."

"थुंकू देत."

"माझ्याही."

"हो."

"मी शेजारीच बसणार आहे," ती म्हणाली. "तुझ्यासाठी नाही. आर्डिथसाठी."

ठरवलंय ते असं. म्हातारी स्वच्छ धुवायची. रविवारी घोंगडीत घालून चर्चला न्यायची. सगळं सांगून झालं की मागच्या बिनखिडकीच्या खोलीत आर्डिथला, बिशपला, मिट्सलासुद्धा बोलावून जांभळा दिवा लावायचा. माझ्या शब्दावर आता कुणी का विश्वास ठेवावा? दिव्यावर ठेवतील. काळी ठिक्कर म्हातारी, कुठे एक रेघ नाही. शून्य. त्याचं शून्य त्याला परत. अर्ज फाडून टाकील आर्डिथ. दगडावर नवा शंख मी माझ्या पैशाने कोरून देईन. मग गावाने माझं काय करायचं ते करावं. लिहितानाच किती हलकं वाटतंय! किती वर्षांनी भूक लागली आहे.

शनिवार, ५ जुलै

कोमट पाण्याने धुतली. पावडर गेली. तळघरात नेऊन दिवा लावला. रेघा अजून चमकत होत्या.

पुन्हा धुतली. मऊ ब्रशने, स्पिरिटने. माझ्या रेघा खालच्या बाजूला होत्या. या वरच्याही बाजूला आहेत. निळ्याच्या भोवती. जांभळ्याच्या भोवती. अख्ख्या मधल्या वेटोळ्यातून. किती सुरेख काम, किती बारीक! मला जन्मात जमलं नसतं.

तिसऱ्यांदा धुतली. नेड्रा वरून विचारतेय, झालं का, उद्या कोणता शर्ट घालणार आहेस.

आर्डिथला मी चाळीस सांगितले होते. आता मोजले. साठच्या खाली नाहीत.